जावयाचं वजन

“जावयाला काट्यावर उभं करणार तू?”

कॅप्टन घारपुरे हे अगदी हळू बोलले. ते चिडलेत हे मला त्यावरूनच कळलं, कारण ओरडायचे तेव्हा ते खुशीत असायचे.

“सगळ्यांनाच, सर. मीही उभी राहिले आत्ता. चोपन्न किलो.”

मे महिना संपत आला होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि हँगरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. खानदेशातल्या आमच्या त्या विमान-शाळेत तेव्हा वीस-बावीस विद्यार्थी, तीन विमानं आणि एक धावपट्टी होती. धावपट्टीच्या एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला बाभळी, आणि बाभळींपलीकडे शेतं.

बाहेर हिरव्या जाळीखाली सहा पाहुणे मठ्ठा पीत बसले होते. संस्थेच्या अध्यक्षांचे धाकटे जावई राजेंद्रराव, त्यांचे थोरले भाऊ आणि चार मित्र. धोंड्याचा महिना होता. सासऱ्यानं जावयाला चांदीचं ताट द्यावं, अनारसे द्यावेत. अध्यक्षांनी या जावयाला विमानातून आपल्या केळीच्या बागा दाखवायचं ठरवलं होतं. तिघांची एक फेरी, अशा दोन फेऱ्या. विमान मी उडवायचं होतं.

माझ्याकडे खासगी लायसन्स होतं. व्यावसायिक लायसन्ससाठी दोनशे तास उड्डाण हवं. माझे एकशे एक्क्याऐंशी झाले होते. उरलेले एकोणीस घारपुऱ्यांच्या हातात होते. कोण कधी उडणार हे तेच ठरवत, आणि अशा पाहुण्यांच्या फेऱ्या ते खूश होऊन द्यायचे.

“झोपे,” ते म्हणाले, “लोडशीटवर पासष्ट-पासष्ट-पासष्ट लिही, सही कर आणि इंजिन चालू कर.”

लोडशीट म्हणजे एक छापील कागद. उडण्याआधी विमानाचं, पेट्रोलचं आणि माणसांचं वजन त्यावर लिहायचं, बेरीज करायची, आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे अशी वैमानिकानं सही करायची. आमच्याकडे माणसांच्या रकान्यात नेहमी पासष्ट लिहीत. पासष्ट लिहिलं की बेरीज हमखास बसायची.

मी काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय चाललंय? आमची तुला करताय की काय?”

राजेंद्रराव मठ्ठ्याचा ग्लास हातात घेऊनच हँगरमध्ये आले होते. उंच, भरदार, हसरा माणूस. घारपुरे चटकन म्हणाले, “काही नाही, काही नाही. आमची पोरगी जरा जास्तच काळजी घेते.”

“अहो, घेऊ द्या की! गुळाची तुला करा, सासऱ्यांकडे गुऱ्हाळ आहे.” आणि ते चपला काढून सरळ वर्कशॉपच्या काट्यावर चढले. तो काटा इंजिनाचे भाग मोजायचा. आमचे मेकॅनिक रशीदभाई यांनी वाकून आकडा वाचला.

“सत्त्याण्णव.”

“अरे बापरे! हे अनारशांचं.” राजेंद्ररावांनी भावाला हाक मारली. भाऊ अठ्ठ्याऐंशी भरले. पहिल्या फेरीतला तिसरा, त्यांचा एक मित्र, शहात्तर. तिघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत परत मठ्ठ्याकडे गेले.

मी टेबलाशी बसले आणि पेन्सिलनं आकडे एकाखाली एक मांडले. रिकामं विमान सातशे अडुसष्ट. पेट्रोल ऐंशी. मी चोपन्न. मग ते तिघं. घारपुरे माझ्या डोक्यावर उभे होते. बेरीज करताना कुणी डोक्यावर उभं राहिलं की मला आजही घाम फुटतो.

“अकराशे त्रेपन्न,” मी म्हणाले. “मर्यादा अकराशे अकरा. बेचाळीस किलो जास्त आहे.”

“बेचाळीस किलो!” घारपुरे हसले. “एक शाळकरी पोरगं.”

“बाहेर त्रेचाळीस डिग्री आहे, सर.”

“मग?”

मी विमानाचं पुस्तक उघडलं. त्यात एक तक्ता असतो. उन्हात हवा पातळ होते, पंखांना धरायला कमी मिळतं, इंजिनही दमतं. म्हणून जितकं ऊन जास्त तितकी धावपट्टी जास्त लागते. किती जास्त, ते तक्त्यात दिलेलं असतं. मी बोट ठेवलं. “अकराशे अकरा किलोला, चाळीस डिग्रीला, झाडांवरून जायला सातशे चाळीस मीटर.”

“आपली पट्टी साडेआठशे. एकशेदहा मीटर शिल्लक. झालं समाधान?”

“ते चाळीस डिग्रीला, सर. त्याच्यापुढचा रकानाच नाही. वजनाचाही नाही. इथं पुस्तक संपतं.”

“पुस्तक संपतं तिथं वैमानिक सुरू होतो.”

घारपुऱ्यांची अशी वाक्यं विद्यार्थी वहीत लिहून ठेवायचे. मीही लिहिली होती. ते उडवायचे उत्तम, त्यात शंका नाही. गणित जमिनीवरच्या माणसांसाठी असतं, विमान हातांना कळतं, असं ते म्हणायचे आणि पुरावा म्हणून मला उभं करायचे. मी आर्ट्सची. वैमानिक व्हायला बारावीचं गणित आणि फिजिक्स लागतं हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. मग फैजपूरला तायडे सरांच्या क्लासात, ओठावर नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून मी दोन वर्षं घासली आणि मुक्त विद्यालयाची परीक्षा दिली. गणितात एक्कावन्न, फिजिक्समध्ये अठ्ठेचाळीस. कुणी पालक मुलाला घेऊन आले आणि त्यांनी विचारलं की उडायला गणित किती लागतं, तर घारपुरे मला हाक मारायचे. “झोपे, सांग गं मार्क!” मी सांगायचे. पालक निश्चिंत व्हायचे.

“सर, दोघा-दोघांना नेते,” मी म्हणाले. “उद्या सकाळी सहाला. तीन फेऱ्या करू. मर्यादेत बसेल, हवाही गार असेल.”

“ते दोनला नाशिकला निघणार. अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन येतायत.”

“मग मी नाही नेत.”

“काय म्हणालीस?”

“मी नेणार नाही, सर.”

रशीदभाईंनी मान खाली घातली आणि ते उगाच एक बोल्ट पुसत बसले. घारपुऱ्यांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. त्या सुराची मला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

“ज्योत्स्ना, एकोणीस तास राहिलेत तुझे. घरी लग्नाचं बघतायत म्हणतेस. एक सही करायची. मी तुझ्या जागी असतो तर डोळे मिटून केली असती.”

“डोळे मिटूनच करावी लागेल, सर.”

ते उठले. माझ्या हातातून लोडशीटचं पॅड घेतलं, माझी बेरीज असलेलं पान उलटलं, नव्या पानावर तीनदा पासष्ट लिहिलं आणि स्वतःची सही ठोकली. “बघ मग. शिकायचं असेल तर बाहेर उभी राहून बघ.”

बाहेर वाऱ्याची पिशवी काठीला चिकटून लोंबत होती. वारा बिलकुल नव्हता. अध्यक्ष आले, फोटो निघाले, राजेंद्ररावांनी गॉगल लावून हात हलवला. विमान पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, पूर्ण जोरानं पळायला लागलं.

मी आणि रशीदभाई हँगरच्या सावलीत उभे होतो. साधारण अर्ध्या पट्टीवर विमान उचललं जातं. ते अर्ध्यावर आलं, पुढे गेलं, तरी चाकं जमिनीवरच. मग नाक वर झालं, विमान हातभर उठलं आणि पुन्हा टेकलं. रशीदभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. विमान परत उठलं. बाभळी जवळ आल्या. ते वर जात नव्हतं, नुसतं पुढे जात होतं. मग झाडांच्या शेंड्यांमागे दिसेनासं झालं, आणि मी मोजायला लागले. नऊ आकडे मोजले. नवव्याला ते बाभळींपलीकडे पुन्हा दिसलं, हळूहळू वर चढताना.

जाळीखालच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, विमान असंच उडतं.

वीस मिनिटांनी घारपुरे परत आले. उतरवलं मात्र असं, की चाकं टेकलेली कळलीही नाहीत. राजेंद्रराव खाली उतरून सासऱ्यांच्या पाया पडले. सगळे हसत होते. घारपुऱ्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. ते सरळ माझ्याकडे आले, आणि या वेळी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“काय झोपे? काय झालं?”

“काही नाही झालं, सर.”

“काही नाही झालं! डोळ्यांनी पाहिलंस ना? आता दुसरी फेरी तू न्यायचीस. हेच वजन, हीच हवा.”

उरलेले तिघं तयार होऊन उभे होते. काट्याची गरजच नव्हती, पहिल्या तिघांइतकेच भरदार. माझ्याकडे सगळे बघत होते. अध्यक्ष, फोटोग्राफर, माझ्या बरोबरीचे चार-पाच विद्यार्थी.

“नाही सर.”

“अजून नाही?”

“बेरीज तीच आहे.”

कुणीतरी हसलं. घारपुऱ्यांचा चेहरा लाल झाला. “तीन आठवड्यांपूर्वी विश्वस्तांच्या पाहुण्यांना कुणी नेलं होतं? तूच ना? तूच लिहिलंस ना पासष्ट-पासष्ट-पासष्ट? त्या दिवशी कुठं गेली होती तुझी बेरीज? पेढे खाल्लेस तू माझ्याबरोबर!”

हे खरं होतं. ते या जागी, या माणसांसमोर काढतील असं मला वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी मी नेलं होतं. तीन पाहुणे, तिघंही अंगानं मोठे. मी कुणाला काट्यावर उभं केलं नाही. घारपुरे म्हणाले पासष्ट, मी पासष्ट लिहिलं. त्या दिवशी इतकं ऊन नव्हतं, थोडा वाराही होता. तरी विमान उठलं आणि वर जाईना. वेग धोक्याइतका उतरला की पंखातला भोंगा कण्हायला लागतो. तो कण्हायला लागला. नाक खाली केलं तर बाभळी, वर ओढलं तर विमान पडणार. मी दोन्हींच्या मधे ते कसं धरलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी ते केलंच नाही, ते झालं. चाकं शेंड्यांना घासून गेल्याचा आवाज आला. पलीकडच्या शेतात बायका कांदा काढत होत्या. आम्ही इतक्या खालून गेलो की त्या मटकन खाली बसल्या, डोक्यावर हात घेऊन. एक बसली नाही. तिला कदाचित ऐकू येत नसेल. ती वाकलेलीच होती, आणि माझी सावली अंगावर आली तेव्हा तिनं वर पाहिलं. तिच्या हातातला विळा मी पाहिला. तिच्या कपाळावरचं गोंदण मी पाहिलं.

मागचे पाहुणे म्हणाले, “वा! काय जवळून दाखवलं!”

उतरल्यावर घारपुऱ्यांनी माझी पाठ थोपटली. मी पेढा खाल्ला. त्यानंतर तीन आठवडे रोज रात्री तक्ता काढून बसत होते. तायडे सरांनी शिकवलेलं सगळं पुन्हा काढलं. मला एवढंच बघायचं होतं की माझ्या हातून चूक कुठं झाली. चूक हातांची नव्हतीच. कुठल्याही हातांनी ते विमान नीट वर गेलं नसतं. ते लोडशीटवरच पडलं होतं, आणि खाली माझी सही होती.

हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. रशीदभाईंनाही नाही. त्या संध्याकाळी त्यांनी चाकात अडकलेला बाभळीचा पाला काढून माझ्यासमोर नाल्यात टाकला होता आणि काही विचारलं नव्हतं.

“बोल की!” घारपुरे म्हणाले. “तेव्हा काय झालं?”

“तेव्हाही काही झालं नाही, सर,” मी म्हणाले.

मी हँगरमध्ये गेले आणि जुन्या लोडशीटची फाईल आणि सकाळचं पॅड घेऊन बाहेर आले. टेबल जाळीखालीच होतं, त्यावर मठ्ठ्याचे ग्लास होते. ते बाजूला सारले. तीन आठवडे मागचं पान काढलं. माझं अक्षर. मी तिन्ही पासष्टांवर आडव्या रेघा मारल्या आणि बाजूला लिहिलं : “वजनं मोजली नव्हती. आकडे खोटे आहेत. विमान झाडांना लागलं होतं.” खाली सही केली, पूर्ण नाव घातलं, ज्योत्स्ना मुरलीधर झोपे, आणि लायसन्सचा नंबर. मग सकाळची, पेन्सिलनं बेरीज केलेली लोडशीट पॅडमधून फाडून काढली, तिच्यावर “उड्डाण नाकारलं” लिहिलं, आणि ती त्याच्यावर टाचली.

घारपुऱ्यांनी वाचलं. त्यांचा आवाज पुन्हा हळू झाला. “हे विमान खात्याकडे गेलं तर तुझंच लायसन्स जाईल. माझं नाही, तुझं. सही तुझी आहे.”

“माहीत आहे.”

“मग कशाला?”

“सही माझी आहे म्हणून.”

ते फाईल घ्यायला पुढे झाले. मी ती छातीशी धरली. चोवीस वर्षांची होते मी, आणि त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. “हात लावू नका,” मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं म्हणाले की अध्यक्ष खुर्चीतून उठले.

मधे राजेंद्ररावांचे थोरले भाऊ बोलले. आत्ताच उडून आलेले तेच, अठ्ठ्याऐंशी किलोचे. ते एकटेच मघापासून हसत नव्हते.

“कॅप्टनसाहेब, मघाशी आपण झाडांच्या किती वरून गेलो?”

घारपुरे वाऱ्याच्या पिशवीकडे बघायला लागले.

“मी खिडकीशी होतो,” ते म्हणाले. “मला पक्ष्याचं घरटं दिसलं. त्यात अंडी होती, तीही दिसली.” मग ते भावाकडे वळले. “राजा, आता चहा घेऊ आणि निघू.”

दुसरी फेरी झाली नाही.

संध्याकाळी मला वसतिगृह सोडायला सांगितलं. जाताना मी तालुक्याच्या पोस्टातून त्या दोन पानांच्या प्रती खात्याला रजिस्टर पोस्टानं पाठवल्या आणि मूळ पानं स्वतःजवळ ठेवली. घरी वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, “तोंड बंद ठेवलं असतंस तर वैमानिक झाली असतीस.” मी म्हणाले, “तोंड बंद ठेवून झाले असते, तर कसली झाले असते?” त्यांनी पेपर उघडला.

वैमानिक मी झाले. तीन वर्षं उशिरा, दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या शाळेत. आज मालवाहू विमान चालवते. घारपुरे त्या वर्षी ती शाळा सोडून गेले. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही, आणि मी कधी चौकशी केली नाही.

पण चौकशी झाली ती माझी. त्याच वर्षी जुलैमध्ये खात्याचे एक अधिकारी आले, पेंढारकर नावाचे. मला मूळ पानं घेऊन शाळेत बोलावलं. घारपुऱ्यांच्याच केबिनमध्ये ते बसले होते, समोर माझी दोन पानं. साठीला आलेला बारीक माणूस, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी दोन तास प्रश्न विचारले. झाडांना लागल्याचं उतरल्यावर लगेच का नाही कळवलं? मी सांगितलं, भीतीनं. पेढा खाल्ला हे खरं का? खरं. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं, कौतुकाचा एक शब्दही न बोलता.

“वजन न मोजता सही केली. वर लपवलं,” ते म्हणाले. “चार महिने उड्डाण बंद.”

“हो सर.”

मग त्यांनी पेन्सिलनं केलेली माझी बेरीज पुढे ओढली. ओठ हलवत त्यांनी आकडे खालून वर मोजले, मग वरून खाली. कपाळाला आठी पडली.

“बारावीला गणितात किती होते?”

“एक्कावन्न.”

“दिसतंय,” ते म्हणाले. “एकं स्थानची बेरीज तेहेतीस येते. हातचे तीन. तुम्ही दोन घेतलेत.”

माझे कान तापले. ज्या बेरजेसाठी मी सगळ्यांसमोर उभी राहिले, घर-दार, तास, सगळं पणाला लावलं, ती बेरीज चुकली होती.

“म्हणजे वजन मर्यादेत होतं?” मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“बाई, हातचा कमी घेतला तर बेरीज कमी येते. बेचाळीस नाही, बावन्न किलो जास्त होतं.”

त्यांनी निकालाचा कागद माझ्याकडे सरकवला. मी चार महिन्यांच्या शिक्षेखाली सही केली. मग त्यांच्याकडून पेन मागून घेतलं, माझी बेरीज समोर ओढली, दोन खोडून तीन केले, आणि खाली नवा आकडा लिहिला.